गाडीचा स्प्रे कुठे मारायचा, कुठे नाही

मैत्रिणींनो, कामं आटोपली का? ज्यांच्या भाकरी अजून व्हायच्या आहेत त्यांनी थापता थापता ऐका. फक्त आज ज्याच्याविषयी बोलणार आहे तो स्प्रेचा डबा घरात चुलीजवळ ठेवला असेल, तर आधी उचलून बाहेर सावलीत ठेवून या. का, ते पुढे सांगते.

मी बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूची अकरा गावं माझ्याकडे आहेत. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, आणि एस.टी.चं वेळापत्रकही. दुपारच्या मीटिंगला सकाळच्या गाडीने जायचं आणि संध्याकाळी शेवटची चुकली तर कुणाच्या तरी पडवीत झोपायचं, असं मी दोन वर्षं केलं. मग नवऱ्याची जुनी शंभर सीसीची मोटरसायकल शिकले. तो म्हणायचा, स्कुटी घेऊ. पण स्कुटीचे पैसे कुठून आणायचे? गाडी घरात होतीच. सलवार-कमीज, पाठीला गटांच्या वह्यांची सॅक, आणि चढावर पहिला गिअर. पहिले काही दिवस पोरं मागे पळायची. आता कुणी वळूनही बघत नाही.

गाडी आली की गाडीची दुखणीही येतात. पावसाळ्यात हँडल लॉकमध्ये किल्ली फिरत नाही, स्टँड खाली येत नाही, चेन लाल होते. बाजारात दुकानदाराने मला एक निळसर डबा दिला, सोबत लाल नळी. म्हणाला, ‘ताई, हा एक डबा घ्या, गाडीची सगळी कुरकुर बंद.’ एकशे ऐंशी रुपये घेतले. घरी येऊन लॉकमध्ये मारला आणि खरंच, किल्ली लोण्यासारखी फिरली. त्या दिवसापासून तो डबा माझ्या सॅकमध्येच असायचा. जिथे आवाज तिथे फवारा.

पुढची गोष्ट सांगायला मला जड जातंय. पण त्यासाठीच मी आज स्टुडिओत आले आहे.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. गाडीचा पुढचा ब्रेक दाबला की कुई कुई आवाज करायचा. आदल्याच दिवशी आमच्या फिटरदादाकडून ब्रेक ओढून घेतले होते. तो म्हणाला होता, ‘आवाज धुळीचा आहे ताई, परवा सवडीने चाक खोलून साफ करून देतो.’ मला परवापर्यंत कुठे दम होता? संध्याकाळी अंगणात डबल स्टँडवर गाडी लावली, लाल नळी ब्रेकच्या फटीत घातली आणि दाबली. पुढचाच ब्रेक वाजत होता, पण डबा हातात होता म्हणून मागच्यालाही मारला. आवाज गेला. मी खूश.

दुसऱ्या दिवशी आमच्या एका गटाच्या अध्यक्ष मावशींना मागे बसवून बँकेत निघाले. कर्जाच्या फाईलवर त्यांची सही हवी होती. गावाबाहेरच्या उतारावर पुढे गुरं आली म्हणून ब्रेक दाबला. तो दबला पूर्ण, पण गाडी थांबेना. पायाचा दाबला, तीच गत. हाताला आणि पायाला कसं वाटलं ते सांगता येणार नाही, जणू ब्रेक साबणावर टेकला होता. मी गिअर उतरवत गेले, तिसरा, दुसरा, त्याने वेग पुष्कळ कमी झाला. नाहीतर आज मी इथे बोलत नसते. शेवटी गुरांना चुकवायला गाडी भातात घातली. मी चिखलात पडले, मला काही झालं नाही. मावशी हातावर पडल्या. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. पुढे भात कापणीला आला तरी त्यांच्या हातात बळ नव्हतं.

लोक जमले. कुणीतरी म्हणालं, कालच तर ब्रेकचं काम करून आणलं होतंस ना? मी म्हटलं, हो. एवढंच म्हटलं. मैत्रिणींनो, मी खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. संध्याकाळपर्यंत गावात झालं की फिटरने ब्रेक नीट बसवले नाहीत. दोन-तीन घरांनी त्याच्याकडे गाड्या नेणं बंद केलं. तो पंचविशीतला पोरगा आहे, टपरीएवढं गॅरेज, त्यावर आई आणि बहीण.

गाडी त्याच्याकडेच दुरुस्तीला गेली. त्याने माझ्यासमोर पुढचं चाक काढलं आणि ड्रम उघडला. आत अर्ध्या चंद्रासारखे दोन ब्रेक शू असतात, आपण त्यांना लायनर म्हणतो. ब्रेक दाबला की ते पसरतात आणि ड्रमला आतून घासतात. त्या घासण्यानेच चाक थांबतं. ते कोरडे, खरखरीत असायला हवेत. माझे काळे, ओले आणि चकचकीत झाले होते. त्याने बोट लावलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाला, ‘ताई, यात मी काही घातलं नव्हतं.’

मी म्हटलं, ‘मी घातलं.’

तो काही बोलला नाही. नवे लायनर बसवले, ड्रम पुसून कोरडा केला, हिशेब सांगितला. तेल प्यायलेला लायनर नुसता पेट्रोलने पुसून भागत नाही, आत मुरलेलं तेल गरम झालं की परत वर येतं, बदलावाच लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. नंतर त्याच्याकडे जाऊन बसले तेव्हा बाकीचंही कळलं. आज सांगते आहे त्यातलं बरंचसं त्याच्याकडून शिकलेलं आहे.

आता त्या डब्याकडे येऊ. बाजारात अशा स्प्रेचे पुष्कळ प्रकार आहेत. सगळ्यात नाव झालेला डब्ल्यूडी-४०. त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या सॅन डिएगो शहरात १९५३ साली एका छोट्या कंपनीत तो तयार झाला. नावातली दोन इंग्रजी अक्षरं म्हणजे ‘पाणी हटवणारा’ आणि चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयत्न. अ‍ॅटलस नावाच्या क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून तो वापरला गेला. म्हणजे या मालाचं मूळ काम काय? पाणी हटवणं, गंज धरू न देणं, अडकलेलं सोडवणं. तो पातळ असतो, म्हणून बारीक फटीत शिरतो. आणि पातळ असतो म्हणूनच टिकत नाही, थोड्या दिवसांत उडून जातो. जड वंगणाचं काम त्याच्याकडून करून घ्यायला गेलं की फसगत होते.

म्हणून जिथे काहीतरी अडकलंय किंवा पाणी शिरलंय तिथे हा स्प्रे मारायचा. किल्लीचं भोक, सीटचं लॉक, घट्ट झालेलं मागचं पायदान, साईड स्टँडचा सांधा. नट गंजून बसला असेल तर फवारा मारून पंधरा मिनिटं थांबा, चहा करून या, मग पाना लावा. लगेच जोर लावला तर नटाची धार जाते आणि मग फिटरलाही छिन्नी लागते. पावसात गाडी भिजून सुरू होत नसेल, तर गाडी बंद आणि थंड असताना प्लगची टोपी काढून पुसा आणि आतून थोडा स्प्रे मारा. तिथे तो आपल्या मूळ कामाला लागतो, पाणी बाहेर काढतो. स्टँडच्या सांध्याला मात्र सुटल्यावर बोटभर ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या आठवड्यात तीच कुरकुर.

ब्रेकला अजिबात नाही. ड्रमला नाही, आणि नव्या गाड्यांना पुढे जी लोखंडी थाळी असते त्या डिस्कलाही नाही. आवाज आला तर तो ब्रेक बोलतोय असं समजा. धूळ बसली असेल, लायनर गुळगुळीत झाला असेल किंवा संपत आला असेल. त्याला खोलून बघायचं असतं. तेल घालून गप्प करायचं नसतं. टायरवर फवारा उडू द्यायचा नाही. लाल नळी लावूनही तुषार उडतातच, म्हणून मागे जुना पुठ्ठा धरा. सीटवर तर चुकूनही मारू नका. एका ताईंनी चमकावी म्हणून मारला होता, मागे बसलेली सासू वळणावर घसरली. नशीब, गाडी हळू होती.

एक प्रश्न मला तीन गावांत विचारला गेला, म्हणून सांगून टाकते. नाही, गुडघ्याला मारायचा नाही. तो लोखंडासाठी आहे. आणि शिलाई मशीनलाही तो घालू नका. मशीनचं वेगळं तेल मिळतं, ते स्वस्त आहे आणि टिकतं.

आता चेन. इथे थोडी थांबते, कारण आपल्याकडे चेनची सर्वात जास्त हेळसांड होते. ज्यांच्याकडे गिअर नसलेली स्कुटी आहे त्यांनी एवढंच ऐकलं तरी पुरे: तुमच्या गाडीला चेन नसते. आत रबरी पट्टा असतो, त्याला कोरडंच राहायचं असतं. त्या झाकणाच्या फटीत स्प्रे मारायचा नाही.

मोटरसायकलच्या चेनला हा पातळ स्प्रे मारला की ती लगेच गप्प होते आणि आपल्याला वाटतं काम झालं. चेन साफ करायला, पावसात भिजल्यावर पाणी काढायला तो ठीक आहे. पण त्याच्या भरवशावर रोज चालवली तर चेन आतून कोरडी घासते. चेनसाठी वेगळा स्प्रे येतो, तो दाट आणि चिकट असतो. डब्यावर चेनचं चित्र असतं, ते बघून घ्या. तो परवडत नसेल तर आपल्या साध्या गाड्यांना नव्वद नंबरचं गिअर ऑइल चालतं. आमच्याकडे बहुतेक घरांत इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल बाटलीत भरून ठेवतात आणि तेच चेनला ओततात. फुकटचं असतं ना! पण त्यात लोखंडाची झीज आणि काजळी असते. ती चेनमध्ये गेली की बारीक वाळूने घासल्यासारखं होतं. माझी पहिली चेन अशीच गेली. चेन आणि दोन्ही दातेरी चक्रं बदलायला साडेआठशे रुपये पडले.

काम कसं करायचं? संध्याकाळी, गाडी घरी आल्यावर. चेन किंचित कोमट असते, तेल आत मुरतं आणि रात्रभर बसायला वेळ मिळतो. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. गिअर न्यूट्रलला. इंजिन बंद, आणि किल्ली काढून कमरेला खोचा किंवा खिशात ठेवा. पोराला ‘जरा चालू कर रे’ म्हणायचं नाही. इंजिन चालू ठेवून चाक फिरतंय, हातात फडकं आहे, ते चेनमध्ये अडकलं की बोटं सोबत जातात. याला क्षणही लागत नाही. चाक हातानेच फिरवायचं, सावकाश. ओढणी पाठीमागे बांधा, पदर खोचा, बांगड्या वर सरकवा.

आपल्या गावाकडच्या बहुतेक गाड्यांची चेन पूर्ण पत्र्याच्या झाकणात असते. त्या झाकणाला एक रबरी बूच असतं. ते काढलं की चेन दिसते. बॅटरी मारून बघा. खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वर-खाली करा. साधारण दोन ते तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तकात असतो, ते पुस्तक बहुतेक कपाटात रेशनकार्डाच्या खाली असतं. चेन जास्त सैल असेल तर खळखळ वाजते आणि उतरू शकते, जास्त ताणलेली असेल तर लवकर झिजते. ताण काढण्याचं काम मी अजून फिटरकडूनच करून घेते, कारण मागचं चाक तिरकं बसलं तर नवंच दुखणं.

मळ असेल तर जुन्या टूथब्रशला थोडं डिझेल किंवा रॉकेल लावून पुसा. पेट्रोल नको, भडकतं, आणि काही चेनमध्ये बारीक रबरी कड्या असतात त्या खराब होतात. कोरडं करा. मग चाक हळू फिरवत थेंब थेंब तेल, चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिथे ती दात्यांवर बसते तिथे. दोन फेऱ्या पुरे. वरचं तेल पुसून टाका. आपल्याला वाटतं जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं, भजी तळल्यासारखं. पण ओल्या चेनला धूळ चिकटते आणि त्याचं खरकागदासारखं वंगण होतं. साधारण पाचशे किलोमीटरला एकदा करावं, भातलावणीच्या दिवसांत चिखलातून गाडी जाते तेव्हा त्याच्या आधीच.

पदराचा विषय निघालाच आहे तर एक बोलते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं संरक्षण गाडीला असलंच पाहिजे. म्हणजे ती साडीची जाळी काही दुकानदाराची मेहेरबानी नाही. आमच्याकडची पोरं गाडी झकास दिसावी म्हणून ती पहिल्या आठवड्यात काढून माळ्यावर टाकतात. ती खाली उतरवा आणि बसवा. स्प्रे मारून नट सोडवता येतो तसा बसवताही येतो.

आता चुलीजवळ का नको ते. डब्यावर ज्वाळेचं चित्र असतं. आतलं द्रावण पेटणारं असतं आणि पुष्कळ डब्यांत ढकलायला भरलेला वायूही पेटणारा असतो, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसच्या जातीचा. पेटत्या चुलीजवळ, देवाजवळच्या दिव्यापाशी, विडी ओढणाऱ्याच्या शेजारी फवारा मारायचा नाही. गरम इंजिन किंवा सायलेन्सरवरही नाही. काम उघड्यावर करा, घरात कोंडून नाही. डबा ५० अंशांच्या वर तापू द्यायचा नसतो. उन्हाळ्यात पत्र्याखाली किंवा उन्हातल्या डिकीत ठेवलेला डबा सहज तेवढा तापतो. आणि संपलेला डबा कचऱ्याबरोबर पेटवायचा नाही, त्याला खिळाही मारायचा नाही. संपला असं आपल्याला वाटतं, आत दाब असतो. होळीत पोरं काय काय टाकतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्या एका गटात आता सात जणींच्या घरी गाड्या आहेत आणि पाच जणी स्वतः चालवतात. आम्ही पातळ स्प्रेचा एक आणि चेनचा एक असे दोन डबे मिळून घेतले. कोणाकडे आहेत ते कर्जाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो. पहिल्यांदा इतिवृत्तात ‘चेन स्प्रे खरेदी’ असं लिहिलं तेव्हा बँकेतले साहेब हसले होते. हसू देत. एका घराला एक डबा वर्षभरातही संपत नाही, मग सात डबे कशाला?

मावशींचं सांगायचं राहिलं. त्यांचं भात गटाने आळीपाळीने कापलं. मी चार दिवस गेले. विळा चालवताना रोज वाटायचं आज सांगू, आणि रोज घरी यायचे. प्लास्टर निघून बरेच दिवस झाल्यावर गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की ब्रेकमध्ये तेल मी घातलं होतं. मला वाटलं मावशी हाताबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, ‘अगं, मग तेव्हाच सांगायचं ना. मी त्या पोराला भर बाजारात बोलले.’

बैठक तशीच सोडून आम्ही दोघी त्याच्या गॅरेजवर गेलो. त्याने मावशींना बसायला टायर दिला. मावशींनी त्याला काय म्हटलं ते त्यांचं त्यांच्यापाशी. मी माफी मागितली तर तो म्हणाला, ‘ताई, गिऱ्हाइकं आली परत तर बरं.’ त्यांतली दोन घरं आली. एक घर अजून आलेलं नाही. ते घर हा रेडिओ ऐकतं, मला माहीत आहे. भाऊ, चूक माझी होती, त्याची नव्हती.

पुढच्या महिन्यात तो दादा आमच्या गावाच्या समाजमंदिरात दोन तास देणार आहे. जुनी चाकं आणणार आहे, ड्रम उघडून लायनर दाखवणार आहे. तारीख तुमच्या गटाच्या अध्यक्षांकडे कळवते. येताना एक फडकं, जुना टूथब्रश आणि कपाटातलं गाडीचं पुस्तक घेऊन या. मागे बसणाऱ्यांनीही या.